बॅटरीवरची पट्टा करवत : आधी बॅटरी काढा, मग हात घाला



उन्हाळ्यात शेत मोकळे झाले की लोखंडाची कामे निघतात. द्राक्षबागेतला जुना मांडव उतरवायचा असतो. बोअरमधली मोटर वर काढली की गंजलेल्या जी. आय. पाइपचा खराब तुकडा कापून टाकायचा असतो. शेडनेटचा एखादा खांब वादळाने वाकलेला असतो. असली कामे उचलून गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात नेता येत नाहीत. ती बांधावरच उरकावी लागतात, आणि बांधावर वीज असेलच असे नाही.

पूर्वी अशा वेळी आपण हॅक्सॉ घेऊन बसत होतो. दोन इंची पाइप कापताना दंड भरून येत. मग ग्राइंडर आला. काम झटपट होऊ लागले, पण ग्राइंडरच्या ठिणग्या दूरवर उडतात. जवळ उसाचे पाचट, कडब्याची गंजी किंवा वाळलेले गवत असेल, तर एका ठिणगीने वर्षाची वैरण जाते. शिवाय चकती अडकून फुटली, तर तिचे तुकडे तोंडावर येतात.

आता बॅटरीवर चालणारी पट्टा करवत निघाली आहे. दुकानात ती ‘बँडसॉ’ म्हणून मिळते. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्ष पट्ट्यात मांडवाला ॲंगल आणि पाइप भरपूर लागतात. अशा भागात ही करवत चांगली उपयोगी पडते. वायर लागत नाही, जनरेटर लागत नाही, ठिणग्या जवळजवळ उडत नाहीत. काप सरळ आणि साफ येतो.

मात्र या करवतीचा आवाज कमी, धक्का कमी, म्हणून माणूस निर्धास्त होतो. तिथेच बोट जाते. हे पत्रक त्यासाठीच आहे. ते घरात सर्वांना वाचून दाखवा आणि मग शेडमध्ये भिंतीला लावून ठेवा.

करवत चालते कशी?

जुन्या पिठाच्या गिरणीचा पट्टा तुम्ही पाहिला असेल. दोन चाकांवरून एकच अखंड पट्टा फिरत असतो. इथेही तसेच आहे. दोन चाकांवरून पोलादी ब्लेडचे कडे फिरते. त्याच्या एका काठाला बारीक दाते असतात. ब्लेडचा बहुतेक भाग झाकलेला असतो. मधे थोडा भाग उघडा असतो, तेवढाच कापतो. चाकांवर रबरी टायर बसवलेले असतात, म्हणजे ब्लेड घसरत नाही. ब्लेड सरळ राहावे म्हणून उघड्या भागाच्या दोन्ही बाजूंना छोटी बेअरिंगे असतात.

उघड्या भागाच्या एका टोकाला लोखंडी टेकू असतो. ब्लेड नेहमी एकाच दिशेने धावते आणि कापायचा नग त्या टेकूकडे ओढते. हा टेकू कशासाठी आहे, ते ज्याला कळले त्याला निम्मे काम कळले.

लहान करवत बॅटरीसह तीन-चार किलोची असते. तिने साधारण दोन-अडीच इंचापर्यंतचा पाइप कापता येतो. मोठी सहा-सात किलोची असते, ती पाच इंचापर्यंत जाते. बहुतेक शेतकऱ्यांना लहान करवत पुरते. हात भरून आला की चूक होते, हे घेताना ध्यानात ठेवा.

धोका कुठे आहे?

तुम्ही म्हणाल, “ब्लेड तर झाकलेलं आहे, मग भीती कसली?” धोक्याच्या वेळा तीन आहेत. त्या नीट समजून घ्या.

पहिली वेळ, करवत बंद असताना. वायरच्या यंत्राची आपल्याला सवय आहे. प्लग काढला की यंत्र मेले. लाइट गेली की यंत्र मेले. पण बॅटरीच्या यंत्राची वीज त्याच्या पोटातच असते. समजा, ब्लेड चाकावरून उतरले आहे. तुम्ही करवत मांडीवर घेतली, एका हाताने मूठ धरली आणि दुसऱ्या हाताने ब्लेड बसवायला लागलात. मुठीवरचे बोट न कळत खटक्यावर दाबले गेले, की ब्लेड त्याच क्षणी धावते. डोळ्यांची पापणी लवायच्या आत बोट कापले जाते. यात यंत्राचा दोष काही नाही. बॅटरी आत होती, एवढेच.

दुसरी वेळ, पहिला दात लागताना. टेकू नगाला टेकलेला नसेल, तर ब्लेड लागताक्षणी नगाला किंवा करवतीला जोराचा हिसका बसतो. हातातली पकड सुटते, ब्लेडचे दाते तुटतात, कधी ब्लेडही तुटते.

तिसरी वेळ, शेवटचा दात सुटताना. कापत असताना करवतीचे वजन पाइपवर असते. पाइप तुटला की ते सगळे वजन एकदम खाली येते. तेव्हा ब्लेड चालूच असते. खाली कोणाचा हात असेल, तुमचे गुडघे असतील, तर करवत त्यावर पडते. दोघे मिळून काम करताना ही जखम हमखास दुसऱ्याला होते. एक कापत असतो आणि दुसरा खालून पाइप धरून बसलेला असतो.

म्हणून दोन गोष्टी पाठ करा. करवतीत हात घालायचा तर आधी बॅटरी काढा. आणि नगाखाली कोणाचाही हात नको.

ब्लेड निवडताना दात मोजा

चुकीचे ब्लेड लावले की माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की हात घसरतो. म्हणून योग्य ब्लेड ही सुरक्षिततेचीच गोष्ट आहे.

ब्लेडवर १०, १४, १८, २४ असा आकडा छापलेला असतो. एका इंचात तेवढे दाते. नियम सोपा आहे : लोखंडाच्या जाडीत एका वेळी दोन-तीन दाते तरी बसले पाहिजेत. कमी बसले तर पातळ पत्रा दोन दातांच्या मधे अडकतो आणि दात तुटतो.

हिशेब करून पाहा. एका इंचात २४ दाते म्हणजे दोन दातांत साधारण १ मि.मी. अंतर. १८ दाते म्हणजे सुमारे १.४ मि.मी., १४ दाते म्हणजे १.८ मि.मी. आणि १० दाते म्हणजे अडीच मि.मी. त्यावरून असे धरावे :

– सुमारे २ मि.मी. जाडीचा पाइप किंवा चौकोनी नळी : २४ दाते.
– ३ ते ४ मि.मी. जाडी : १८ दाते.
– ५ मि.मी. आणि त्यापुढची जाडी, मांडवाचे जाड ॲंगल : १४ दाते.
– १० मि.मी. वरची भरीव सळई किंवा पट्टी : १० दाते.

जी. आय. पाइपची जाडी ओळखायची एक खूण आहे. आय. एस. १२३९ या मानकाच्या नव्या पाइपवर रंगाचा पट्टा असतो. पिवळा म्हणजे हलका, निळा म्हणजे मध्यम, लाल म्हणजे जड. दोन इंची पाइपची जाडी हलक्यात सुमारे २.९ मि.मी., मध्यममध्ये ३.६ मि.मी. आणि जडमध्ये ४.५ मि.मी. असते. म्हणजे १८ दात्यांचे एक ब्लेड घरात असले, तर शेतातली पाइपची बहुतेक कामे होतात.

ब्लेडची लांबी प्रत्येक करवतीची वेगळी असते. दुकानात जाताना जुने ब्लेड सोबत न्या किंवा करवतीवर लिहिलेली लांबी कागदावर उतरवून घ्या. ‘थोडंसं लांब आहे, चालेल’ असे कोणी म्हटले तरी घेऊ नका. सैल ब्लेड चाकावरून उतरते.

ब्लेड ‘बाय-मेटल’ प्रकारचे घ्या. त्याची पाठ लवचीक असते आणि दाते कठीण पोलादाचे असतात. साधे ब्लेड स्वस्त पडते, पण लोखंडावर लवकर बोथट होते.

कापण्याआधी

अंगावरचे कपडे आधी पाहा. उपरणे, गळ्यातला टॉवेल, सैल बाही, धोतराचा सोगा, साडीचा पदर हे सगळे नीट खोचून घ्या किंवा काढून ठेवा. बांगड्या, अंगठी, मनगटातला दोरा काढा. डोळ्यांवर चष्मा हवाच. हार्डवेअरच्या दुकानात पांढऱ्या काचेचा साधा चष्मा मिळतो. पायांत चप्पल नको, बूट घाला. कापलेला तुकडा पायावर पडतोच पडतो. हातमोजे ब्लेड हाताळताना जरूर घाला. पण करवत चालू असताना सैल मोजे नकोत, त्यांचा धागा ब्लेडमध्ये ओढला जातो.

जागा साफ करा. पायाखाली दगड, तारेचे तुकडे, ड्रिपच्या नळ्या नकोत. मुले आणि जनावरे दूर ठेवा.

मग नग पक्का करा. ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. वाईस असेल तर वाईसमध्ये धरा. नसेल तर दोन घोड्या किंवा दोन ओंडके घ्या, त्यावर पाइप ठेवा आणि दोरीने किंवा साखळीने आवळा. पायाने दाबून धरलेला पाइप पक्का नसतो. तो फिरतो, आणि फिरला की ब्लेड अडकते.

पाइप कुठे टेकवायचा यालाही हिशेब आहे. दोन्ही टोके टेकवून मधे कापले, तर पाइप मधे लवतो आणि काप मिटत जातो. ब्लेड त्यात आवळून बसते. कापायची जागा एका घोडीच्या बाहेर, पण जवळ घ्या. तुटणारा तुकडा मोकळा खाली पडू द्या. तुकडा लांब असेल, तर त्याच्या दूरच्या टोकाला जोडीदाराने बाजूला उभे राहून आधार द्यावा. आधार हलका द्यावा, वर उचलू नये. उचलले की काप मिटतो.

पंपाचा पाइप कापायचा असेल, तर आणखी एक काळजी घ्या. बोअरच्या पाइपला मोटरची केबल बांधलेली असते. स्टार्टर बंद करून भागत नाही. फ्यूजचे किटकॅट काढून आपल्या खिशात ठेवा, म्हणजे कोणी चुकून चालू करणार नाही. केबल सोडवून बाजूला घ्या. पाइपमधले पाणी काढून टाका.

द्राक्षाचा मांडव उतरवताना आधी तारांचा ताण उतरवा. ताणलेल्या तारेने धरून ठेवलेला ॲंगल कापला, तर ॲंगल झटक्याने फिरतो आणि तार चाबकासारखी येते. तार कापायला तारेचे कटर वापरा, करवत नको.

कापताना

१. बॅटरी लावण्याआधी ब्लेड चाकांवर नीट बसले आहे का ते पाहा. मग बॅटरी लावा. ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे.

२. करवत दोन्ही हातांनी धरा. एक हात मागच्या मुठीवर, दुसरा पुढच्या मुठीवर. एका हाताने पाइप आणि दुसऱ्या हाताने करवत, असे कधीही करू नका.

३. टेकू नगाला घट्ट टेकवा. ब्लेड मात्र नगापासून थोडे वर ठेवा.

४. खटका दाबा. ब्लेडला पूर्ण वेग येऊ द्या. मग हळूच खाली आणा. ब्लेड नगावर टेकवून मग खटका दाबला, तर दाते तुटतात.

५. जोर लावू नका. करवतीचे वजनच कापण्याचे काम करते. तुम्ही फक्त तिला सरळ धरा. पिळू नका. काप वाकडा जात असेल, तर थांबून पुन्हा नवा काप घ्या.

६. वेग बदलण्याची सोय असेल, तर साध्या लोखंडाला जास्त वेग, स्टेनलेस स्टील आणि कठीण लोखंडाला कमी वेग ठेवा.

७. काप शेवटाला आला की करवतीचे वजन आपल्या हातावर घ्या. म्हणजे पाइप तुटला तरी करवत खाली आदळत नाही.

८. खटका सोडा. ब्लेड पूर्ण थांबेपर्यंत करवत हातातच धरा. मग खाली ठेवा.

ॲंगल कापताना तो उलटा ठेवा, म्हणजे घराच्या कौलारू छपरासारखा, कोपरा वर. पट्टी आडवी ठेवून रुंद अंगाने कापायला सुरुवात करा, पातळ काठावरून नको. ब्लेडचे जास्तीत जास्त दाते एकाच वेळी लोखंडाला लागावेत, हा त्यातला विचार.

ब्लेड मधेच अडकले तर ओढाताण करू नका. खटका सोडा, बॅटरी काढा, नगाला आधार देऊन काप उघडा करा आणि मग करवत सोडवा.

कापलेल्या लोखंडाकडे पाहिले की ब्लेडचे मन कळते. कीस बारीक आणि वळलेला पडत असेल, तर सगळे ठीक. नुसता भुगा पडत असेल, तर ब्लेड बोथट आहे किंवा दाब फार कमी आहे. कीस जाड आणि जळून निळा पडत असेल, तर तुम्ही जोर लावता आहात. कापलेले तोंड गरम असते आणि त्याला धारही असते. लगेच हात लावू नका. निवले की कानस मारा.

उंचावर काम करायचे असेल, तर शिडीवर उभे राहून ही करवत चालवू नका. दोन्ही हात करवतीला लागतात, मग शिडी कशाने धरणार? पक्का मचाण बांधा किंवा खांब आधी खाली उतरवून घ्या.

काय कापू नये?

डिझेलची टाकी, ऑइलचा बंद डबा, औषधाचा डबा, गॅसचे नळकांडे, मोटारसायकलचा शॉकॲब्सॉर्बर यांना करवत लावू नका. आतली वाफ किंवा दाब घात करतो.

जुन्या पाइपलाइनमध्ये कुठे ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पाइप असतात. ते कोणत्याही करवतीने कापू नका. त्यांची धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि पुढे कॅन्सरचे कारण होते.

गाडीचे पाटे, बेअरिंग, पाणी दिलेले फाळ, कठीण साखळी यांवर ब्लेडचे दाते जातात. ओली फांदी कापू नका. लोखंडासाठीच्या बारीक दातांत चीक आणि भुसा भरतो. झाडासाठी झाडाची करवत आहेच.

ब्लेड बदलताना

पहिले काम, बॅटरी काढा आणि हाताच्या टप्प्यापलीकडे ठेवा. खिशात किंवा दूरच्या बाजेवर. जवळ ठेवलेली बॅटरी सवयीने पुन्हा लावली जाते.

आता जाड हातमोजे घाला. ताण सोडण्याचा खटका फिरवा. करवत उलटी करून ब्लेड आधी चाकांवरून, मग बेअरिंगांतून बाहेर काढा. ते उसळी मारते, म्हणून तोंड दूर ठेवा.

नवे ब्लेड गुंडाळलेले येते. त्याची तार तोडताच ते स्प्रिंगसारखे उघडते. हात लांब करून, तोंड बाजूला वळवून ते उघडा. ब्लेडवर बाण असतो, करवतीवरही बाण असतो. दोन्ही बाण एका दिशेला आले पाहिजेत. येत नसतील तर ब्लेड आतले बाहेर असे उलटून घ्या. बेअरिंगांमधे ब्लेड पूर्ण आत बसवा, दाते बाहेरच्या बाजूला ठेवा, चाकांवर चढवा आणि ताण द्या. मग बॅटरी लावून, करवत अंगापासून दूर धरून, काही न कापता थोडा वेळ चालवा. ब्लेड मध्यावर स्थिर फिरते का ते पाहा. नव्या ब्लेडचे पहिले चार-दोन काप हलक्या दाबाने घ्या. दाते जास्त दिवस टिकतात.

जुन्या काप्यात नवे ब्लेड घालू नका. दुसऱ्या बाजूने नवा काप घ्या. जुन्या ब्लेडचा काप अरुंद झालेला असतो, त्यात नवे ब्लेड आवळते.

निकामी ब्लेड उकिरड्यात टाकू नका. शेणखताबरोबर ते शेतात जाते आणि मग कोणाच्या पायात किंवा बैलाच्या खुरात घुसते. तुकडे करून डब्यात साठवा आणि भंगारात द्या.

काम झाल्यावर

बॅटरी काढून कोरड्या ब्रशने कीस झाडा. चाकांवरचे टायर, बेअरिंगे आणि टेकू या तीन जागा नीट पाहा. टायरला कीस चिकटला तर ब्लेड घसरते. टायरला चीर गेली असेल किंवा तो सैल झाला असेल, तर बदलून घ्या. बेअरिंग बोटाने फिरवून पाहा, सहज फिरले पाहिजे. टायरला तेल किंवा ग्रीस लावू नका. ‘तेल दिलं की यंत्र चांगलं चालतं’ ही आपली सवय इथे उलटी पडते.

तोंडाने फुंकर मारून कीस उडवू नका, तो डोळ्यात येतो. पाण्याने करवत धुऊ नका. पावसात किंवा ओल्या चिखलात वापरू नका.

महिनाभर काम नसेल तर ब्लेड उतरवून, पुसून, गुंडाळून ठेवा. गंजलेले ब्लेड ऐन कामात तुटते. बॅटरी वेगळी ठेवा. करवत आणि बॅटरी एकाच ठिकाणी मुलांच्या हाती लागता कामा नये.

बॅटरीची निगा

एक शंका नेहमी असते : १८ व्होल्टची घ्यावी की २० व्होल्टची? दोन्ही बहुधा एकच असतात. आत पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण चार्ज झाल्यावर ते २० व्होल्टच्या आसपास दाखवतात, काम करताना सरासरी १८. तेव्हा नुसत्या आकड्याला भुलू नका. ‘ॲम्पिअर-अवर’ हा आकडा पाहा. तो पाण्याच्या टाकीसारखा आहे. २ पेक्षा ४ ची बॅटरी दुप्पट पुरते, पण वजनही वाढते.

या लिथियम बॅटरीचा मोठा वैरी म्हणजे ऊन. विदर्भ-खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या पेटीत त्याहूनही जास्त तापते. ४० अंशांच्या वर बॅटरी चार्ज करू नये. म्हणून चार्जिंग पहाटे किंवा रात्री, घरात, सावलीत करा. नुकतीच काम करून तापलेली बॅटरी आधी निवू द्या.

चार्जिंग अंथरुणावर, कडब्याजवळ किंवा खताच्या पोत्यांवर करू नका. फरशीवर करा. सगळे झोपले असताना लावून ठेवू नका. चार्जर त्याच कंपनीचा, त्याच बॅटरीचा वापरा.

बॅटरी खिळे, नट-बोल्ट, नाणी यांच्यात टाकू नका. दोन टोकांमधे लोखंड आले की बॅटरी तापून पेटू शकते. पावसाळ्यात ठेवून द्यायची असेल, तर निम्मी भरून, कोरड्या जागी ठेवा. पूर्ण रिकामी करून ठेवलेली बॅटरी खराब होते.

बॅटरी फुगली, फुटली, पाण्यात पडली किंवा विचित्र वास येऊ लागला, तर वापरू नका आणि चार्ज करू नका. उघडून पाहू नका. घरापासून दूर, उघड्यावर ठेवा. चुलीत किंवा विहिरीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी कंपन्यांवर आहे. दुकानदाराकडे किंवा कंपनीच्या केंद्रात द्या. पेट घेतलीच, तर चार्जरची वीज बंद करा, माणसे दूर करा आणि लांबून भरपूर पाणी मारा. त्या धुरात उभे राहू नका.

जखम झाली तर

घाबरू नका. स्वच्छ कापड जखमेवर ठेवून घट्ट दाबा आणि हात वर धरा. हळद, चुना, माती, तंबाखू, डिझेल काही लावू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या.

बोट तुटून वेगळे झाले असेल, तर ते शोधून सोबत न्या. स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवी बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवू नका. बोट वाया गेले असे आपणच ठरवू नका, ते डॉक्टरांना पाहू द्या. वेळ जितका कमी, तितकी आशा जास्त.

डोळ्यात कीस गेला तर चोळू नका. पदराच्या टोकाने, काडीने किंवा जिभेने काढायचा प्रयत्न करू नका. डोळा मिटून, झाकून डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

शेडच्या भिंतीवर लिहून ठेवा

– नग बांधला का?
– चष्मा घातला का?
– टेकू टेकला का?
– खाली कोणाचा हात नाही ना?
– हात घालायच्या आधी बॅटरी काढली का?

या पाचही प्रश्नांना मिनिटभरही लागत नाही. गावात एकाने करवत घेतली की दहा घरे ती मागून नेतात, ही आपली रीत चांगलीच आहे. पण करवत देताना हे पाच प्रश्नही सोबत द्या. आणि बॅटरी काढून, वेगळ्या हातात द्या. घेणाऱ्याने ती लावायच्या आधी एकदा तरी ब्लेडकडे पाहावे, म्हणून.

पाइप चुकीचा कापला तर दुसरा मिळतो, सॉकेट टाकून सांधता येतो. बोटाला सॉकेट नाही.

पत्रक वाचून काही शंका राहिली तर आपल्या शेती कार्यक्रमाकडे पत्र लिहा. कोणती करवत, कोणते ब्लेड, काय कापत होता आणि कुठे अडचण आली, ते सविस्तर कळवा. बरं, आता कामाला लागा. सांभाळून करा. राम राम!